शाळेतला आगमनकाळ: पहिल्या मेणबत्तीपासून तीन राजांपर्यंत

कॅथलिक शाळेत डिसेंबर उजाडला की सगळ्यांचं लक्ष थेट नाताळच्या कार्यक्रमाकडे जातं. नाच, केक, सांताक्लॉज, झालं. पण चर्चच्या वर्षाची सुरुवात नाताळने होत नाही, आगमनकाळाने होते. नाताळआधी येशूच्या जन्माची वाट बघण्याचे हे सुमारे चार आठवडे प्राथमिक शाळेच्या फार उपयोगी पडतात, कारण लहान मुलांना वाट बघणं चांगलं कळतं. कोल्हापुरातल्या शाळांत बहुतेक मुलं ख्रिस्ती नसतात. म्हणून इथे आगमनकाळ असा बसवावा लागतो की कॅथलिक मुलाला तो पूर्ण मिळेल आणि बाकीच्या कुणावर त्याची सक्ती होणार नाही. दोन्ही एकत्र जमतं, पण तयारी नोव्हेंबरच्या मध्यालाच सुरू करावी लागते.

तारखा आधी, बाकी नंतर

३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा रविवार हा आगमनकाळाचा पहिला रविवार. २०२६ मध्ये तो २९ नोव्हेंबरला येतो. पुढचे रविवार ६, १३ आणि २० डिसेंबर. या चार रविवारी हिरवळीच्या चक्रात दर आठवड्याला एक नवी मेणबत्ती लावतात. रविवारी शाळा बंद, म्हणून शाळेतली नवी मेणबत्ती सोमवारी लावायची: ३० नोव्हेंबर, ७, १४ आणि २१ डिसेंबर. चौथा आठवडा दर वर्षी पुरा मिळत नाही. २०२३ मध्ये चौथा रविवार आणि २४ डिसेंबर एकाच दिवशी आले होते. अशा वर्षी चौथी मेणबत्ती सुटी लागण्याच्या आदल्या दिवशी लावून घ्यावी आणि मुलांना कारण सांगावं.

याच कॅलेंडरवर शाळेचे आणि गावाचे दिवसही मांडा. ३ डिसेंबर संत फ्रान्सिस झेवियरचा सण, ६ डिसेंबर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा महापरिनिर्वाण दिन, ८ डिसेंबर मरिया मातेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण. मार्गशीर्षाचे गुरुवार बहुतेक वर्षी याच दिवसांत येतात. त्या दिवशी अनेक घरांत आईचा उपवास आणि संध्याकाळी महालक्ष्मीची पूजा असते, तेव्हा पालकांना बोलवायचा कोणताही कार्यक्रम गुरुवारी संध्याकाळी ठेवू नका. दत्तजयंतीही पंचांगात बघून घ्या. त्या दिवशी निम्मी घरं नरसोबाच्या वाडीला निघालेली असतात. हॉल रिकामा राहिला की ‘पालकांना रस नाही’ असं शिक्षक म्हणतात, आणि चूक मात्र तारखेची असते.

पालकांना पत्र

हे टाळू नका. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८(३) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावायचं तर पालकांची संमती लागते. कायदा नसता तरी हे विचारायला हवंच होतं. पत्र मराठीत, एका पानाचं असावं. काय होणार, कधी होणार आणि कशात मूल फक्त बघेल, हे तीन मुद्दे वेगवेगळे लिहा. नमुना असा:

‘आगमनकाळात रोज परिपाठानंतर पाच मिनिटं मेणबत्ती लावून बायबलमधला एक छोटा उतारा वाचला जाईल. ख्रिस्ती मुलं प्रार्थना म्हणतील. इतर मुलं शांत उभी राहतील. त्यांनी हात जोडावेत किंवा प्रार्थना म्हणावी अशी अपेक्षा नाही. आपल्या पाल्याने त्या वेळी वर्गात बसावं असं वाटत असल्यास खाली खूण करा. त्याच्यासाठी वर्गात शिक्षक असतील.’

शेवटचं वाक्य लिहिलंत तर ते पाळा. वर्गात खरोखर शिक्षक ठेवा, आणि त्या मुलाला ‘तू का आला नाहीस’ असं कुणी विचारणार नाही हे बघा. ‘मुलांना बाटवता का’ असं एखाद्या पालकाने तोंडावर विचारलं तर रागावू नका. परिपाठाला येऊन बसा, म्हणा. काय चालतं ते डोळ्यांनी बघितलं की बोलणं सोपं होतं.

मेणबत्त्यांचं चक्र

बुरुडाकडून दोन फूट व्यासाचं बांबूचं कडं करून घ्या. हिरवळीसाठी सुरूच्या डहाळ्या सर्वांत चांगल्या, कारण त्या वाळल्या तरी आकार सोडत नाहीत. आंब्याची पानं दिसतात छान, पण चार-पाच दिवसांत वळतात आणि करकरीत वाळून पेट घेण्याजोगी होतात. ती वापरायची तर दर सोमवारी बदला. डहाळ्या सुतळीने एकाच दिशेने, एकीचं देठ दुसरीच्या पानाखाली जाईल अशा बांधत जा.

मेणबत्त्या चार: तीन जांभळ्या, एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या आठवड्याची. तो आनंदाचा रविवार, अर्धी वाट सरल्याची खूण. रंगीत मिळाल्या नाहीत तर चार पांढऱ्या घ्या आणि बुडाशी रंगीत कापडी फीत बांधा. कागद गुंडाळू नका. मेणबत्ती दोन इंच जाड आणि सहा इंच उंच असावी. बारीक मेणबत्ती कलते आणि मेण हिरवळीवर ओघळतं. प्रत्येक मेणबत्ती ओल्या वाळूने भरलेल्या मातीच्या कुंडीत रोवा, म्हणजे ज्योत पानांच्या बरीच वर राहते.

मेणबत्ती शिक्षकच पेटवतील. मुलाने फक्त शेजारी उभं राहायचं, आणि तो मान दर आठवड्याला वेगळ्या इयत्तेला द्यायचा. पंखा बंद, ओढणी आणि मोकळे केस लांब, पाण्याची बादली हाताशी. पाच मिनिटांनी विझवायची. दुसऱ्या आठवड्यात दोन, तिसऱ्यात तीन, असं वाढवत जायचं. चौथ्या आठवड्यात पहिली सर्वांत बुटकी झालेली असते. दिवस कसे सरले हे त्यावरून पहिलीतल्या मुलालाही न सांगता कळतं.

वाचन लहान ठेवा. पहिल्या आठवड्यात यशया संदेष्ट्याचं ‘अंधारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला’, दुसऱ्यात लूक १:२६–३८ (बायबलमधल्या लूकच्या पुस्तकाचा अध्याय १, ओव्या २६ ते ३८), म्हणजे गब्रिएल दूत मरियेकडे येतो तो प्रसंग. तिसऱ्यात मत्तय १:१८–२४, योसेफचं स्वप्न. चौथ्यात लूक १:३९–४५, मरिया अलिशिबेला भेटायला जाते ते. उतारा चौथीतल्या मुलाने किंवा मुलीने वाचावा, पण आदल्या दिवशी दोनदा मोठ्याने वाचून घेतल्यावरच. वाचनानंतर भाषण नको. अर्धा मिनिट शांतता ठेवा. पहिल्या दिवशी मुलं चुळबुळतील, आठवड्याभरात सवय होते.

गव्हाणी

असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ च्या नाताळात ग्रेचो गावी गव्हाणीचा पहिला देखावा उभा केला, तो खरा चारा आणि खरे बैल-गाढव घेऊन. त्यामुळे थर्माकोलची विकतची गव्हाणी आणण्यापेक्षा आपल्या भागात जे आहे त्यातून ती करणं त्या परंपरेला जास्त धरून आहे. आणि कोल्हापुरात डिसेंबरमध्ये काय नाही? भाताची सुगी नुकतीच संपलेली असते, उसाची तोड चालू असते, कुंभार गल्ल्यांत शाडू असतो.

बैठक चार फूट बाय तीन फूट, जमिनीपासून दोन फुटांवर. याहून उंच केली तर पहिलीतल्या मुलाला आतलं काही दिसत नाही. ऑफिसच्या काचेआड ठेवू नका. मुलं रोज जिथून जातात तिथे ठेवा, फक्त पाण्याच्या टाकीपासून लांब. चार बांबू, मागे प्लायचा तुकडा आणि वर उसाच्या पाचटाचं छप्पर. पाचट मोठ्यांनीच हाताळावं. त्याच्या कडा करवतीसारख्या असतात आणि लहान बोटं कापतात. मुलांच्या हातात भाताचं पिंजर द्या. पिंजर आधी झाडून एक दिवस कडक उन्हात ठेवा, नाहीतर धुरळ्याने दम्याच्या मुलांना त्रास होतो आणि राहिलेल्या दाण्यांना उंदीर लागतात. दिव्यांची माळ एलईडीची घ्या. जोड आणि एक्स्टेंशन बोर्ड पिंजरात पुरू नका. गव्हाणीजवळ मेणबत्ती किंवा उदबत्ती कधीच नको.

मूर्ती मुलांनी शाडूच्या कराव्यात. बापट कॅम्प किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत शाडू मिळतो. चाळीस मुलांच्या वर्गाला दहा किलो पुरतो, म्हणजे मुलामागे पाव किलो. उंची सहा इंच. उभी मूर्ती पायांवर तोलत बसू नका, झगा खाली पसरट करून शंकूसारखी बैठक द्या. हात अंगाला चिकटलेलेच ठेवा. बाहेर आलेला हात वाळताना आकसतो आणि खांद्यातून तुटतो. पहिली-दुसरीने मेंढरं करावीत, तिसरी-चौथीने माणसं. सावलीत आठवडाभर वाळवा. उन्हात ठेवलं की वरचं कवच आधी वाळतं आणि तडा जातो. बारीक तड्यांत पातळ शाडू बोटाने भरा आणि पुन्हा वाळू द्या. म्हणजे हे काम पहिल्याच आठवड्यात व्हायला हवं, तरच तिसऱ्यात रंग देता येतो.

मेंढपाळांना आपल्या धनगरांसारखी घोंगडी आणि काठी द्या. बेथलेहेमच्या रानात रात्रभर कळप राखणारी माणसं कशी असतील, हे मुलांना त्यावरून लगेच उमगतं. इस्लाममध्ये येशूही पैगंबर मानला जातो, आणि काही मुस्लिम घरांत पैगंबरांची किंवा प्राण्यांची मूर्ती करणं चालत नाही. त्या मुलांना आधीच तारा, विहीर, खजुराची झाडं, गोठ्याची भिंत ही कामं द्या, म्हणजे त्यांना नाही म्हणण्याची वेळ येणार नाही.

देखाव्यातली बाळ येशूची गव्हाण मात्र रिकामी ठेवा. शेजारी टोपलीत पाच इंच लांब कापलेलं पिंजर. दिवसात कुणासाठी काही केलं, भांडण मिटवलं, डबा वाटून खाल्ला, की मुलाने जाऊन एक काडी गव्हाणीत ठेवायची. एकच, आणि न बोलता. याचा तक्ता किंवा स्टार काढू नका, ‘सर्वांत जास्त काड्या कुणाच्या’ असं तर मुळीच विचारू नका. नोंद सुरू झाली की मुलं मोजायला लागतात, आणि मुठी भरून काड्या टाकतात.

दान

मुलांकडून पैसे घेऊ नका. कुणी किती आणले याची तुलना त्याच दिवशी सुरू होते. प्रत्येक इयत्तेला एक वस्तू द्या: एकीला तांदूळ, एकीला तूरडाळ, एकीला गूळ, एकीला अंगाचा आणि कपड्यांचा साबण. मुलामागे एक वाटी तांदूळ पुरे. दोनशे मुलांनी आणले तर तीसेक किलो होतात. कमी पडलेलं लक्ष्मीपुरीतून आणून एका कुटुंबाला पाच किलो तांदूळ, एक किलो डाळ, एक किलो गूळ, एक लिटर तेल असा संच करा.

या दिवसांत जिल्ह्यात ऊसतोड मजूर घरदार सोडून कोप्यांत राहत असतात. बरेच जण मराठवाड्यातले. त्यांच्यापर्यंत जायचं तर आधी मुकादमाशी किंवा कारखान्याच्या शेती विभागाशी बोला आणि काय हवं ते विचारा. पुष्कळदा धान्यापेक्षा लहान मुलांचे स्वेटर आणि पांघरुणं लागतात. तोड पहाटे सुरू होते, म्हणून संध्याकाळी जा. घेणाऱ्यांचे फोटो काढू नका. संचात प्रार्थनेचं कार्ड किंवा पत्रक घालू नका. येशूच्या नावाने द्यायचं तर ते बिनशर्त द्यावं.

शाळेतली मिस्सा

सुटीआधी मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची कॅथलिक उपासना, ठेवणार असाल तर फादरांशी दोन आठवडे आधी बसा. त्या दिवशी आगमनकाळच असतो, म्हणून वस्त्रं जांभळी, ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत नाही, आणि नाताळची गीतंही नाहीत. ती नंतरच्या कार्यक्रमात म्हणा. १७ ते २४ डिसेंबरच्या प्रत्येक दिवसाचे पाठ, म्हणजे बायबलमधले उतारे, ठरलेले आहेत. २२ डिसेंबरचे मुलांसाठी फार चांगले: हन्ना छोट्या शमुवेलला मंदिरात आणते तो प्रसंग आणि मरियेचं स्तोत्र. मुलांच्या मिस्सेसाठी रोमहून १९७३ मध्ये निघालेल्या मार्गदर्शिकेप्रमाणे पाठ कमी करता येतात, पण शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातला पाठ, कधीच गाळता येत नाही.

ख्रिस्तप्रसादाबद्दल, म्हणजे मिस्सेत देतात त्या पवित्र भाकरीबद्दल, आदल्या दिवशी वर्गात स्पष्ट सांगा. इथली मुलं देवळात प्रसाद दिसला की हात पुढे करतात, ते स्वाभाविक आहे; रांगेत अडवलं तर मूल ओशाळतं. ज्या कॅथलिक मुलांचा प्रथम ख्रिस्तप्रसाद झाला आहे, तीच घेतील. कोल्हापुरात १८५२ पासून अमेरिकन प्रोटेस्टंट मिशनचं काम झालं, त्यामुळे ख्रिस्ती मुलांतही अनेक जण प्रोटेस्टंट घरांतले असतात. ‘ख्रिस्ती मुलांनी पुढे या’ असं म्हणू नका. फादरांना चालत असेल तर बाकीच्यांनी छातीवर हात आडवे ठेवून फक्त आशीर्वादासाठी यावं, किंवा जागेवर बसावं.

नाटुकलं दहा-बारा मिनिटांचं पुरे. मरियेची भूमिका गोऱ्या मुलीलाच देण्याची सवय मोडा, आणि भूमिका देण्याआधी घरी विचारा. खाऊत केक बिनअंड्याचा घ्या, कारण जैन मुलं प्रत्येक वर्गात असतात. करंजी आणि शंकरपाळी सगळ्यांना चालते.

बाळ येशू कधी ठेवायचा

सुटीआधी घाईने ठेवू नका. नाताळकाळ २५ डिसेंबरला संपत नाही, सुरू होतो, आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. तो २०२७ मध्ये १० जानेवारीला आहे. म्हणून सुटीआधी गव्हाण पिंजराने भरलेली, पण बाळाविना राहू द्या. शाळा उघडेल त्या सकाळी सगळ्यांत लहान वर्गातल्या मुलाच्या हाताने बाळ ठेवा आणि लूक २:१–२० वाचा. बाळ येशूला भेटायला आलेले तीन राजे डिसेंबरभर लांबच्या खिडकीत ठेवा आणि दर दोन दिवसांनी थोडे पुढे सरकवा. त्या भेटीचा सण, म्हणजे प्रकटीकरणाचा सण, आपल्याकडे २ ते ८ जानेवारीमधल्या रविवारी येतो. २०२७ मध्ये ३ जानेवारीला. सोमवारी ते गोठ्यात पोचलेले दिसावेत, तेव्हा मत्तय २:१–१२ वाचा.

देखावा ११ जानेवारीला उतरवा. मूर्ती एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळा आणि लाकडी खोक्यात कोरड्या कपाटात वरच्या फळीवर ठेवा. शाडू भाजलेला नसतो, पावसाळ्यात ओल लागली की रंग सुटतो आणि बूड मऊ पडतं. मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे पुढच्या वर्षी चालतात. पिंजर जवळच्या गवळ्याला म्हशींसाठी द्या, मात्र त्यात चमकी, सेलोटेप किंवा टाचण्या राहिल्या नाहीत हे आधी चाळून बघा.