उन्हाळ्यात चीज बोर्ड लावताय? मग या चुका टाळा

आंब्याच्या पेट्या यायला लागल्या की घरोघरी पार्ट्या सुरू होतात आणि हल्ली त्यात चीज बोर्ड, म्हणजे एका फळीवर मांडलेलं चीज, फळं आणि क्रॅकर्स, असतोच. मला ते मनापासून आवडतं. आपल्या उन्हाळ्यात हापूस, पायरी, कैरी, करवंदं, अंजीर, जाम, ताडगोळे, खरबूज, नशीब असेल तर ओले काजूगर, एवढं सगळं एकाच वेळी बाजारात असतं आणि यातलं बरंचसं चीजबरोबर मस्त लागतं. पण बोर्ड बघायला जावं तर त्यावर आंबट स्ट्रॉबेरी, परदेशी ब्लूबेरी, प्रोसेस्ड चीजचे क्यूब आणि मधोमध वितळून पसरलेलं ब्री, म्हणजे पांढऱ्या सालीचं मऊ चीज. दर वर्षी हेच. मी ओळखीच्यांच्या कार्यक्रमांना बोर्ड लावून देते, त्यामुळे "अगं असं का झालं" म्हणून फोन मलाच येतात, म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

चूक नंबर एक: चीज तासभर आधी बाहेर काढून ठेवणं

व्हिडिओत सांगतात की चीज खायच्या आधी तासभर रूम टेंपरेचरला ठेवा. त्यांच्याकडे ते बरोबरच आहे, थंडगार चीजला ना वास येतो ना पूर्ण चव लागते. पण सांगणारा बसलाय युरोपात, त्याची खोली १८-२० डिग्रीला. आपल्याकडे मे महिन्यात पुण्यातसुद्धा संध्याकाळी घरात ३३-३४ डिग्री असतं, नागपूर-अकोल्याचं तर विचारूच नका. आणि दुधातलं फॅट साधारण ३२ ते ३५ डिग्रीच्या आसपास बहुतेक पातळ होतं. म्हणजे आपली खोली हीच चीजची वितळायची जागा. गौडा या कडक चीजच्या तुकड्यांवर जे थेंब दिसतात ना, त्याला लोक पाणी समजून टिश्यूने टिपतात, ते पाणी नसतं, चीजमधलं फॅट बाहेर आलेलं असतं, आणि एकदा ते बाहेर पडलं की परत फ्रीजमध्ये घालून काही उपयोग नाही, चीज चिवट आणि कोरडं लागतं.

कोथरूडला एका साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी गच्चीवर छोटा कार्यक्रम होता. नवरीच्या आतेबहिणीला बोर्ड करायची भारी हौस. तिने काळ्या दगडाची मोठी स्लॅब मागवलेली, फोटोत सुंदर दिसते म्हणून. ती स्लॅब दुपारपासून गच्चीतल्या टेबलावर उन्हात पडलेली, आणि पाच वाजता हिने त्यावर सगळं मांडलं, पाहुणे यायचे होते साडेसहाला. मी सहाला पोचले. ब्रीची पांढरी साल तेवढी जागेवर होती, आतलं सगळं खालून निघून स्लॅबच्या कडेपर्यंत गेलेलं. फेटा चीजला सुटलेलं खारं पाणी आणि हापूसचा रस एकत्र होऊन क्रॅकर्सच्या खाली शिरलेला, वरचे क्रॅकर्स कुरकुरीत आणि खालचे लगदा. मी स्लॅबवर हात ठेवला तर ती सहा वाजतासुद्धा चांगली गरम लागत होती. आणि टेबलाच्या एका पायावरून लाल मुंग्यांची रांग थेट आंब्यापर्यंत.

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिची आई म्हणाली, "अगं एवढं महागाचं आहे, वरवरचं काढून टाकू, बाकीचं चालेल." मी म्हटलं, काकू, उद्या साखरपुडा आहे, आज कुणाचं पोट बिघडलं तर काय करायचं? ब्री आणि फेटा दोन्ही टाकून दिलं. शिळं होऊ शकणारं खाणं बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि ३२ डिग्रीच्या वर असेल तर एकच तास, हा नियम मी मऊ चीजच्या बाबतीत अगदी काटेकोर पाळते. बोर्ड किती सुंदर मांडलाय याच्याशी बॅक्टेरियांना काही देणंघेणं नसतं. शेवटी फ्रीजमध्ये उरलेला गौडाचा तुकडा, कैरी, भाजलेले काजू आणि खरबूज एवढ्यावर वेळ निभावली, आणि खरं सांगायचं तर ते ताट फार छान लागलं.

माझी पद्धत सांगते. घरात संगमरवरी पोळपाट असेल तर तोच बोर्ड. सकाळीच फ्रीजमध्ये ठेवायचा, दगड थंडावा बराच वेळ धरतो. एसी चालू असेल तर कडक चीज २० मिनिटं आधी काढते आणि ब्री १० मिनिटं, एसी नसेल तर ब्री करतच नाही, विषय संपला. आणि सगळं एकदम मांडायचं नाही. माणशी ५०-६० ग्रॅम चीज धरा, त्यातलं निम्मं बाहेर, निम्मं फ्रीजमध्ये, संपेल तसं आणायचं. रिकामा दिसतो म्हणून बोर्ड ठासून भरणाऱ्यांना माझं सांगणं आहे की लहान बोर्ड घ्या.

मुंग्यांसाठी आपल्या आज्यांचाच उपाय: परातीत पाणी, त्यात उलटी पातेली, त्यावर बोर्ड. परातीत बर्फाचे खडे टाकले की खालून थंडावाही मिळतो. फोटोत परात दिसते म्हणून नाक मुरडणारे लोक भेटतात, त्यांनी मुंग्यांसकट फोटो काढावा.

चूक नंबर दोन: आंब्याची घाई

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं. शनिवारी पार्टी आणि शुक्रवारी रात्री हापूस आणायचा, तोही दगडासारखा कडक, आणि मग मला विचारायचं की लवकर कसा पिकवू. नाही पिकवता येत. आंबा पेंढ्यात, आढीत, आपल्या वेळेनेच पिकतो. झटपट पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरणं आपल्याकडे कायद्याने बंद आहे, तरी रंग पिवळाधमक आणि आत पांढरट, असा आंबा गळ्यात मारला जातोच. पार्टीच्या चार-पाच दिवस आधी पेटी आणा, रोज एकदा हात फिरवून बघा, फळ वरखाली करा. देठाजवळ नाक नेल्यावर वास आला पाहिजे. अंगठ्याने दाबून बघू नका, तिथेच डाग पडतो. आणि कच्चा आंबा फ्रीजमध्ये अजिबात नाही, थंडीत त्याचं पिकणं अडतं, मग तो धड कच्चा नाही धड पिकलेला नाही असा राहतो. पूर्ण पिकला की मग कापायच्या आधी दोन-तीन तास फ्रीजमध्ये.

बोर्डसाठी आंबा किंचित कडकसर असतानाच घ्यायचा. पायरी आमरसाला ठेवा, त्याला रस इतका की फोड हातात राहत नाही. हापूस किंवा केशरच्या फोडी करून स्वच्छ सुती कपड्यावर दहा मिनिटं पसरायच्या, जास्तीचा रस कपडा पितो आणि फोड कोरडी राहते. ही दहा मिनिटं कुणीच देत नाही आणि मग क्रॅकर्स मऊ पडले म्हणून क्रॅकर्सच्या कंपनीला नावं ठेवतात.

आंब्याबरोबर काय? खारट आणि मुरलेलं काहीतरी. जुना गौडा, चेडार, किंवा मिळालं तर बंगालचं बंडेल चीज, ते इतकं खारट असतं की रात्रभर पाण्यात ठेवूनच वापरायचं आणि मग हापूसच्या फोडीवर चुरायचं. गोड आंब्यावर गोडसर क्रीम चीज लावणं म्हणजे दोन्ही वाया, एकाचीही चव उठत नाही. कैरीचं मात्र उलट, कैरीला मऊ, स्निग्ध चीज हवं. पातळ काप, वर किंचित मीठ, शेजारी टोपली पनीर. पारशी लोकांचं हे टोपली पनीर लुसलुशीत असतं आणि त्याच्याच निवळीत ठेवलेलं असतं, वाढायच्या अगदी आयत्या वेळी बाहेर काढायचं.

सीझन न बघता फळं घेणं

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी थंडीची. एप्रिल संपत आला की जी उरते ती बहुतेक आंबट आणि पाणचट, पण फोटोत लाल रंग हवा म्हणून मे महिन्यात दुप्पट पैसे देऊन घेतात. नाशिकच्या द्राक्षांचंही तेच. अरे, लाल-काळा रंगच हवा तर करवंदं आहेत ना! डोंगरातल्या बायका पाटीत घेऊन बसतात, पळसाच्या पानाच्या द्रोणात देतात. पूर्ण काळी झालेली बघून घ्या, अर्धी लाल असली तर चीक असतो आणि ओठ चिकटतात. मीठ घातलेल्या पाण्यातून काढा, पुसा, आणि गोट चीजच्या बाजूला ठेवा. मी आजवर जिथे ठेवली तिथे सगळ्यात आधी तीच संपलीत. पुरंदरचे अंजीर, ज्यांना २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यांचा उन्हाळी बहर मार्च ते मे, निळ्या चीजबरोबर (आत निळ्या बुरशीच्या रेषा असलेलं) त्यांना तोड नाही. फक्त ज्या दिवशी आणाल त्याच दिवशी संपवा, पिकलेलं अंजीर दुसऱ्या दिवशी आंबूस लागतं. जांभळं जूनमध्ये, त्यासाठी थांबा.

अननस, पपई, किवी न शिजवता ताज्या चीजवर

या तिन्ही फळांमध्ये प्रोटीन तोडणारी एन्झाइम्स असतात. रिकोटा, क्रीम चीज, ताजं पनीर यांच्यावर ठेवून अर्धा-पाऊण तास गेला की चीज कडू लागायला लागतं, आणि मग लोक म्हणतात चीज खराब निघालं, दुकानदाराशी भांडतात. अननस हवाच असेल तर तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजून घ्या, उष्णतेने एन्झाइम मरतं, आणि भाजलेला अननस चेडारबरोबर खरोखर सुंदर लागतो.

"दुधाचंच आहे, म्हणजे व्हेज" असं सांगून मोकळं होणं

याबद्दल मला फार तळमळ आहे. भाचा इटलीहून पार्मिजानो रेजिआनो हे कडक चीज घेऊन येतो, घरात सगळे खूश, आणि शेजारच्या शाकाहारी काकूंना आग्रहाने वाढलं जातं. पार्मिजानोच्या नियमातच वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं एन्झाइम, वापरायचं बंधन आहे, त्याशिवाय त्याला ते नावच लावता येत नाही. ग्राना पादानो या तशाच इटालियन चीजमध्ये तर बऱ्याचदा अंड्यातलं लायसोझाइम नावाचं एन्झाइमही असतं. एका घरात मी हे ऐन वेळी सांगितलं तर यजमान म्हणाले, "त्यांना कुठे कळतंय?" मी ते चीज बोर्डवरून उचलून वेगळ्या ताटलीत ठेवलं आणि पाहुण्यांना स्पष्ट सांगितलं. कुणाच्या तरी आयुष्यभराच्या नेमाचा प्रश्न असतो, तिथे गंमत नको. इथल्या पाकिटावर हिरवा ठिपका बघा, बाहेरून आणलेल्यावर लेबल वाचा, लेबल कळत नसेल तर वाढू नका. जैन पाहुणे असतील तर मधाची वाटी आणि अंजीर दोन्ही चालत नाही हे लक्षात ठेवा, गाजर-मुळ्याच्या कांड्याही नकोत. आणि घरात कुणी गरोदर असेल तर ब्री, कॅमेम्बर्ट आणि निळं चीज तिच्या ताटात नको, लिस्टेरिया या बॅक्टेरियाचा धोका असतो.

बाकीच्या पटापट सांगते

प्रोसेस्ड चीजचे क्यूब सँडविचसाठी चांगले आहेत, बोर्डवर नकोत.

प्रत्येक चीजला वेगळी सुरी. निळ्या चीजची सुरी ब्रीत घातली की सगळ्याची चव निळीच.

खरबूज-कलिंगड वेगळ्या वाडग्यात. पाणी सुटतंच, कितीही टिपा.

फणसाचे गरे बोर्डवर ठेवू नका. मला फणस प्रिय आहे, पण त्या वासापुढे एकही चीज टिकत नाही.

ताडगोळे सोलून ठेवले की काळपट पडतात, आयत्या वेळी सोला.

बुराटा (आत मलई भरलेलं ताजं चीज) त्याच्या पाण्यातच राहू द्या, वाढताना निथळा, आणि फोडलं की संपवा.

आठ प्रकारची चीज कशाला? तीन पुरे. एक कडक, एक मऊ, एक ताजं.

कापून ठेवलेलं चीज विकत घेऊ नका, कडा सुकलेल्या असतात. हा शॉर्टकट सगळ्यात जास्त लोक घेतात आणि सगळ्यात आधी ताटात दिसून येतो.

चीज उरलं तर प्लॅस्टिकच्या फिल्ममध्ये घट्ट गुंडाळू नका, त्यात ते घामेजतं आणि बुरशी लवकर येते. बटर पेपरमध्ये सैलसर गुंडाळून डब्यात ठेवा. फ्रीजरमध्ये टाकलं तर नंतर भुसभुशीत होतं, मग ते फक्त पराठ्यात किंवा टोस्टवर किसून घालायला. निळ्या चीजला स्वतंत्र, घट्ट झाकणाचा डबा द्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी फ्रीजमधल्या लोण्यालासुद्धा त्याचाच वास येतो.