आपल्यामागे मुक्या जिवाचं काय?

मृत्युपत्र हाती यायला, वाचलं जायला दिवस जातात. कुत्र्याला मात्र त्याच संध्याकाळी भूक लागते. म्हणून आधी माणूस ठरवा. भाऊ, भाची, शेजारच्या काकू, कोणीही. पण समोर बसून विचारा आणि स्पष्ट होकार घ्या. ‘बघतील कोणीतरी’ यावर विसंबू नका. एक पर्यायी नावही हवंच. घराची जास्तीची किल्ली शेजारी द्या आणि ‘घरी मांजर आहे, यांना फोन करा’ अशी चिठ्ठी पाकिटात ठेवा.

एका वहीत सगळं लिहा: लसींच्या तारखा, डॉक्टरांचा नंबर, खाणं, सवयी. आमचा मोती गोळी पोळीच्या तुकड्यात गुंडाळून दिली तरच गिळतो, फटाके वाजले की पलंगाखाली शिरतो. हे आपल्याशिवाय कोण सांगणार?

पैशांचंही बघा. आपल्या कायद्यात प्राणी ही मालमत्ता, त्याच्या नावे थेट काही ठेवता येत नाही. मृत्युपत्रात प्राणी आणि त्याच्या खर्चाची रक्कम सांभाळणाऱ्याच्या नावे लिहा, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. नोंदणी सक्तीची नाही. रक्कम मोठी असेल तर वकिलाकडून ट्रस्ट करून घ्या.