छोट्या धंद्यात अपंग कामगार आणि अपंग मालक: सुरुवात कुठून करायची

"अपंग माणसाला देता येईल असं काही काम आहे का आपल्याकडे?" छोटे मालक बहुतेक वेळा इथून सुरुवात करतात आणि इथेच अडकतात. उत्तर ठरलेलं असतं: फोन उचलणं, नाहीतर पाकिटं चिकटवणं. हा प्रश्न बाजूला ठेवा. ज्या जागेसाठी माणूस हवा आहे, त्या कामाचे कागदावर तुकडे पाडा.

पॅकिंगचं काम घ्या. ऑर्डर वाचणं, रॅकवरून माल काढणं, मोजणं, खोक्यात भरणं, टेप मारणं, लेबल लावणं, नोंद करणं. एका हाताने काम करणारी व्यक्ती यात मुख्यतः टेपपाशी अडते, कारण झाकणं दाबून धरायला दुसरा हात लागतो. टेबलावर दोन लाकडी पट्ट्या ठोकून काटकोनी कोपरा करा. खोका त्यात रेटून बसतो. खाली रबरी मॅट टाका, टेपचं स्टँड क्लॅम्पने टेबलाला आवळा. झाकणांवर एका टोकाला किलोभर वाळूची पिशवी ठेवायची, दुसऱ्या टोकाकडून अर्ध्यापर्यंत टेप मारायची, मग पिशवी उचलून उरलेला अर्धा भाग. पट्ट्या खोक्याच्या निम्म्या उंचीपेक्षा कमी ठेवा; उंच झाल्या तर भरलेला खोका बाहेर काढायला पुन्हा दोन हात लागतात. असा कोपरा एकदा झाला की दोन्ही हात धड असलेले लोकही तिथेच पॅकिंग करायला लागतात.

जाहिरात लिहितानाही हाच कागद समोर ठेवा. दुचाकीचा परवाना, "उत्तम संभाषणकौशल्य", "चपळ" अशा अटी त्या तुकड्यांत कुठे बसत नसतील तर खोडून टाका. अर्जासाठी नुसता फोन नंबर दिलात, तर बहिऱ्या उमेदवाराला दार बंदच झालं. मेसेजची सोय द्या. मुलाखतीपेक्षा अर्ध्या दिवसाचं प्रत्यक्ष काम बघा, आणि त्याचे पैसे द्या. आजाराची चौकशी नको. "हे काम तुम्ही कसं कराल? त्यासाठी काय लागेल?" एवढंच विचारायचं. उत्तर त्यांच्याकडे असतं, कारण आयुष्यभर त्यांनी हेच केलेलं असतं.

जागेची मापं

व्हीलचेअरसाठी (चाकांच्या खुर्चीसाठी) दाराशी उतार करताना प्रमाण 1:12 धरा, म्हणजे उंचीच्या बारापट लांबी. दाराशी 15 सेंटिमीटरची पायरी असेल, तर उतार 1.8 मीटर लांब हवा. जागा नाही म्हणून एक मीटरात उरकलेला उतार चढायला मागून ढकलणारा माणूस लागतो, आणि उतरताना खुर्ची पुढे कलंडू शकते. कडेला पाचेक सेंटिमीटरची कड ठेवा, चाक बाहेर जात नाही. वर दारापुढे दीड मीटर सपाट जागा हवी, नाहीतर उतारावर खुर्ची धरून दार उघडायची कसरत होते. गुळगुळीत फरशी लावू नका. ओली झाली की घसरगुंडी.

दाराचं माप घेताना हमखास चूक होते. चौकटीचं माप घेतलं जातं, पण उघडलेल्या दाराची जाडी आणि मूठ त्यातून वजा होते. दार 90 अंशांत उघडून उरलेली मोकळी जागा मोजा: किमान 80 सेंटिमीटर, 90 असेल तर उत्तम. खुर्ची वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. टेबल 75 ते 80 सेंटिमीटर उंच, खाली गुडघे जातील इतकी पोकळी. स्वच्छतागृहाचं दार बाहेर उघडणारं करा. आत उघडणारं असेल आणि कोणी आत पडलं, तर दारच उघडत नाही.

हे सगळं केल्यावर वाटेत मालाचे खोके रचू नका. सांगायला लागू नये, पण लागतं.

बिलिंगचा संगणक

अंध व्यक्तीसाठी विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, मोफत मिळतो, अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक. गाडी अडते ती बहुधा बिलिंगच्या सॉफ्टवेअरपाशी. विकत घ्यायच्या आधी माउसची वायर काढा आणि फक्त कीबोर्डवर एक पूर्ण बिल करून पाहा. टॅब की दाबत प्रत्येक रकान्यात जाता आलं पाहिजे. मग एनव्हीडीए चालू करा. तो नुसतं "बटण, बटण" म्हणत असेल, तर बटणांना नावंच दिलेली नाहीत; ते सॉफ्टवेअर घेऊ नका. कागद स्कॅन करून पाठवलात तर स्क्रीन रीडरच्या लेखी ते नुसतं चित्र असतं, म्हणून हिशेब एक्सेलमध्ये द्या. ब्रेल लेबलं करण्याआधी विचारा, कारण प्रत्येक अंध व्यक्ती ब्रेल वाचते असं नाही. आणि सगळ्यांना एकच नियम: वस्तू जिथून उचलली तिथेच परत.

बहिऱ्या कामगारासाठी यंत्राच्या भोंग्याला दिवा जोडा. आगीच्या सूचनेचा दिवा स्वच्छतागृहातही हवा, तिथे माणूस एकटा असतो. बौद्धिक अपंगत्व असेल तर कामाचे फोटो काढून कार्डं करा, एका कार्डावर एकच कृती. सोबत शिकवणारा माणूस पहिले काही आठवडे द्या, मग त्याला हळूहळू दूर करा. एकदम काढला की शिकलेलं मोडतं.

वेगाची तुलना पहिल्या आठवड्यात करू नका. आधी साधनं बसू द्या. समान कामाला दर समानच, आणि तो पहिल्या दिवशी लेखी.

मालकी

अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या करारातलं 27 वं कलम नोकरीबरोबर स्वयंरोजगार, उद्योजकता आणि सहकारी संस्थांचाही उल्लेख करतं. व्यवहारात मोठा धोका नामधारी मालकीचा: सवलत मिळते म्हणून नाव अपंग व्यक्तीचं, गल्ला दुसऱ्याच्या हातात. तपासायला तीन गोष्टी पुरेत. बँकेचा ओटीपी कोणाच्या फोनवर येतो? मालाची ऑर्डर कोण ठरवतं? नफा कोणाच्या खात्यात जातो? तिन्हींचं उत्तर दुसरंच कोणी असेल, तर ती मालकी कागदावरचीच.

स्वतः धंदा काढत असाल, तर खर्चाच्या तक्त्यात नेहमी सुटणाऱ्या ओळी आधी घाला: येण्याजाण्याचं वाहन, मदतनिसाचे तास, खुर्चीची दुरुस्ती, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या. त्या न धरता भाव लावला, तर विक्री वाढूनही हातात काही राहत नाही. अपंगत्वाचं अर्थसाहाय्य मिळत असेल, तर उत्पन्न किती झाल्यावर ते थांबतं हे संबंधित कार्यालयाकडून लेखी घ्या. बँकेचं अॅप स्वतःला वापरता येतं का, हे खातं उघडण्यापूर्वी पाहा. नंतर कळलं तर प्रत्येक व्यवहाराला दुसऱ्याचे डोळे लागतात आणि पासवर्डही त्यालाच सांगावा लागतो.

नोकरीतून भागीदारीकडे नेताना हिस्सा किती टक्के, किंमत कशी ठरली, दरवर्षी किती हप्ता आणि कोणते निर्णय दोघांच्या सहीशिवाय होणार नाहीत, हे करारात लिहा. मसुदा सही करणाऱ्याला स्वतः वाचता येईल अशा स्वरूपात द्या, आणि सहीपूर्वी निदान आठवडाभर त्याच्याकडे राहू द्या.