आनंद मोजायला निघालात? आधी या चुका टाळा

मार्चमध्ये देशांना आनंदाची रँक देणारा वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट आला की प्रोजेक्टवाली पोरं येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, यात जीडीपीला किती वेटेज दिलंय?" अरे, शून्य! रँक ठरते ती एकाच प्रश्नावर. समोर शिडी आहे समजा, तळाला ० म्हणजे तुमच्यासाठी सगळ्यात वाईट आयुष्य, वर १० म्हणजे सगळ्यात चांगलं, तुम्ही आज कितव्या पायरीवर? दर देशात साधारण हजारेक लोकांना वर्षाला विचारतात आणि तीन वर्षांची सरासरी काढतात, बस. उत्पन्न, आरोग्य, भ्रष्टाचार वगैरे सहा गोष्टी नंतर येतात, देशादेशांत फरक का पडतो ते समजावायला. हे रिपोर्टमध्येच लिहिलेलं असतं पण वाचायचं कुणाला, सगळ्यांना पहिल्या पानावरचा टेबल हवा.

आता माझा सगळ्यात नावडता घोळ, प्रश्नांचा क्रम. एका संस्थेच्या सर्व्हेसाठी आम्ही बीड जिल्ह्यात होतो, दोन तालुके, दोन टीम. डेटा आला तर एका तालुक्यातले लोक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट खाली, आणि मी पाऊस, ऊसतोडीचं स्थलांतर, सावकारी अशी कारणं जोडत अर्धा रिपोर्ट लिहूनही टाकला. मग सहज कोरे फॉर्म शेजारी ठेवले. एका तालुक्यात शिडीचा प्रश्न सुरुवातीला होता, दुसऱ्यात कर्ज, पीक नुकसान आणि दवाखान्याचा खर्च असं तीन पानं विचारून झाल्यावर शेवटी! तेव्हा एक मावशी आठवल्या, चहा टाकताना म्हणत होत्या, "बरं चाललंय बाई, पोरगं कामाला लागलं," आणि फॉर्म संपताना म्हणाल्या, "टाक दुसरी पायरी." तो अर्धा रिपोर्ट फाडला. अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांनाही गॅलप या सर्व्हे कंपनीच्या अमेरिकेतल्या डेटात हेच दिसलं होतं, आधी राजकारणाचे प्रश्न विचारले की शिडीवरची उत्तरं घसरायची. म्हणून मी नाव-वयानंतर लगेच शिडी विचारते, आणि छपाईला जायच्या आधी प्रत्येक फॉर्म हाताने चाळते. मोबाईल ॲप असलं तरी एक प्रिंट काढतेच, वेळ जातो, जाऊ दे.

सुखी, आनंदी, समाधानी हे तीन शब्द आलटून पालटून वापरू नका. आपल्याकडे समाधानी असणं हा गुण समजतात, त्यामुळे "समाधानी आहात का" विचारलं की लोक हो म्हणणारच.

सासूसमोर सुनेला विचारू नका. एका वर्षात रँक दोनने हलली म्हणून निष्कर्ष काढू नका.

"वर्षाला ७५,००० डॉलर कमाईनंतर पैशाने सुख वाढत नाही" हे वाक्य तर बंदच करा. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि डीटन यांच्या २०१० च्या पेपरात शिडीवरचं उत्तर उत्पन्नाबरोबर वाढतच होतं, सपाट झाली होती ती काल हसलात का, काळजीत होता का अशा रोजच्या भावनांची रेघ. तीही २०२३ मध्ये काहनेमन यांनी मॅथ्यू किलिंग्सवर्थ या संशोधकाबरोबर पुन्हा तपासली तर सपाटपणा मुख्यतः सगळ्यात नाखूष अशा साधारण २० टक्के लोकांत निघाला.

आणि लोक म्हणाले म्हणजे तसंच आहे, ही घाई मला खरंच त्रास देते. अमर्त्य सेन एक उदाहरण देतात, बंगालच्या दुष्काळानंतर १९४४ साली कोलकात्याजवळच्या सिंगूरमध्ये विधवा आणि विधुरांना तब्येत विचारली गेली. ४८.५ टक्के विधुर म्हणाले आजारी किंवा जेमतेम, विधवांमध्ये हे सांगणाऱ्या फक्त २.५ टक्के. विधवा काय ठणठणीत होत्या का? त्यांना तक्रार करायची सवयच कुणी लागू दिली नव्हती, सोसणं हेच नॉर्मल. म्हणून माझ्या फॉर्मवर पायरीच्या शेजारी कायम अजून काही रकाने असतात, काल किती वेळा जेवलात, घरात शेवटी कोण जेवतं, मागच्या वेळी आजारी पडलात तेव्हा किती दिवसांनी डॉक्टरकडे गेलात. आठवी पायरी सांगणाऱ्या बाईने शेवटच्या प्रश्नाला "गेलेच नाही" म्हटलं, तर मी तो फॉर्म बाजूला काढते आणि त्या घरी पुन्हा जाते.