स्ट्रिंग ऑफ हार्ट्स कोकणात जगवायची तर पावसाळा सांभाळा

पत्त्यांतल्या बदामासारखी छोटी मांसल पानं, त्यांवर रुपेरी जाळी आणि दोऱ्याइतक्या बारीक जांभळट वेली हातभर खाली लोंबलेल्या. स्ट्रिंग ऑफ हार्ट्स आता ऑनलाइन कुणालाही मिळते आणि उन्हाळाभर छान राहते. आमच्या रत्नागिरीकडे मात्र ती पहिल्या पावसाळ्यातच जाते. याला जबाबदार आहे तो सगळीकडे फिरणारा एकच सल्ला: आठवड्यातून एकदा पाणी घाला. इथे त्या सल्ल्याचा काही उपयोग नाही.

आधी कुंडी. चार-पाच इंची, उथळ, मातीची आणि भोक असलेली घ्या. रंगीत प्लास्टिकची, खाली ताटली चिकटवलेली कुंडी या वेलीला नको.

मिश्रणात दोन भाग जांभ्याच्या, म्हणजे आपल्या लाल सच्छिद्र दगडाच्या, कपच्या आणि एक भाग शेणखत घातलेली माती घ्या. चिरा तासताना ज्या कपच्या पडतात त्या मूग-हरभऱ्याएवढ्या फोडून चाळा आणि लाल धूळ टाकून द्या, नाहीतर ती भिजून चिखल होते. नारळ दारात असला तरी कोकोपीट घालू नका, पावसाळ्यात ते आठवडेच्या आठवडे ओलं राहतं. समुद्राची वाळू तर अजिबात नको, तिच्यातलं मीठ मुळं जाळतं. तळाशी खड्यांचा थर दिला की निचरा होतो हाही गैरसमज आहे. पाणी त्या थरावरच्या मातीत अडकून राहतं, म्हणून खडी सगळ्या मिश्रणातच हवी.

जागा पूर्वेच्या खिडकीत, कुंडीच्या माथ्यावर उजेड पडेल अशी. माथा अंधारात राहिला की वरून टक्कल पडतं.

आता पावसाळा. या वेलीचं शास्त्रीय नाव सेरोपेजिया वुडी. आपल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, आणि सह्याद्रीच्या कड्यांवर फुलणाऱ्या कंदीलपुष्पांच्याच कुळातली ही. हे वाचूनच माझी पहिली चूक झाली. कंदीलपुष्पं पावसात उगवतात, मग हिलाही पाऊस मानवेल असं वाटून मी मृगात कुंडी पागोळ्यांखाली टांगली. पंधरा दिवसांत मातीतले कंद पिचके झाले आणि सगळ्या वेली बुडापासून सुटून हातात आल्या. ही वेल दक्षिण आफ्रिकेची. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन मेडली वुड यांना १८८१ मध्ये ती तिथल्या नाताळ वसाहतीत खडकांवरून लोंबताना दिसली होती. खडकावर पाणी थांबत नाही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि मळभातल्या दमट हवेत कुंडीतली ओल उडतच नाही.

दुसऱ्या वर्षी कुंडी घरात घेतली आणि दर रविवारी पेलाभर पाणी घालत राहिलो. तीही कुजली. तेव्हा उमगलं की पाऊस अंगावर पडायचीही गरज नाही. उजेड कमी झाला की वेल पाणी पिणं जवळजवळ थांबवते, शिवाय तिच्या कंदात स्वतःचा साठा असतो. आपण वरून घातलेलं पाणी नुसतं साचतं.

म्हणून वार बघून पाणी घालू नका, पान बघून घाला. एक जून पान विड्यासारखं हलकेच दुमडून पाहा. ताठ असेल तर पाणी नको. मऊ दुमडलं तर लगेच तांब्याकडे धावू नका, खराट्याचा एक कोरडा हीर कुंडीच्या तळापर्यंत खुपसा आणि दहा मिनिटांनी काढा. हीर कोरडा आणि पान मऊ, दोन्ही जुळलं तरच पाणी. जुलैत माझ्याकडे वीस-पंचवीस दिवसांतून एकदा पाळी येते, कधी महिनाभर येत नाही. पाणी द्यायचं ते उघडीप बघून, सकाळी, खालून वाहीपर्यंत. मग कुंडी पूर्ण निथळू द्या आणि दिवसभर पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. पडवीत टांगू नका, झड तिथवर येते.

पान मऊ आणि हीर ओला, ही मात्र धोक्याची खूण. वेल तहानलेली दिसते, पण खाली मुळं सडलेली असतात. नेमक्या याच वेळी लोक आणखी पाणी घालतात आणि उरलेलीही घालवतात. तसं करू नका. त्याच दिवशी कुंडी उलटी करा. शेंगदाण्यासारखे घट्ट कंद ठेवा, दाबले की पिचकणारे फेका. वेलींचे निरोगी शेंडे स्वच्छ कात्रीनं कापून घ्या. घट्ट कंद आणि हे शेंडे दोन दिवस सावलीत वाळवून कोरड्या मिश्रणात लावा आणि आठवडाभर पाण्याचं नाव काढू नका.

पांढरे पिठ्या ढेकूण दिसले तर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा. खत वर्षातून दोनदा, अगदी पातळ, पावसाळा सोडून.

गणपती गेले आणि ऊन पडू लागलं की पाणी हळूहळू वाढवा. ऑक्टोबरच्या उन्हात माझ्या वेलीला इंचभर लांबीची फुलं येतात, फिकट नळी आणि वर गडद जांभळा माथा. त्यांचा आकार सड्यावरच्या कंदीलपुष्पासारखाच असतो.

एक काम मात्र मे महिन्यातच उरका. वेलीच्या पेरांवर मण्यांसारखे छोटे कंद धरतात. तसे मणी असलेली एक वेल न कापता शेजारच्या वाटीभर खडीवर पसरा आणि केसांच्या पिनेनं दाबून ठेवा. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात, मग जोड कापा. पाऊस लागायच्या आत दुसरं रोप तयार असतं. ते दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि मणी अर्धा उघडा राहू द्या, पुरू नका.