लाउटरब्रुनेनला मुलांना घेऊन जाताय? मग असं फिरा

स्वित्झर्लंडला गेलं की सगळे युंगफ्राउयोख (बर्फातलं उंचावरचं रेल्वे स्टेशन) करून परत पळतात, पण खाली लाउटरब्रुनेनच्या व्हॅलीत निदान दोन दिवस तरी काढाच. स्टेशनवर उतरलात की सरळ गावातल्या रस्त्याने चालत सुटा, समोरच श्टाउबबाख धबधबा दिसतो, जवळपास ३०० मीटरवरून पडतो आणि खाली येईपर्यंत पाण्याचे नुसते तुषार होतात.

पण माझ्या मते खरी मजा ट्र्युमेलबाखला. हे १० धबधबे चक्क डोंगराच्या पोटात आहेत, आयगर, म्योंश आणि युंगफ्राउ या शिखरांवरच्या हिमनद्यांचं पाणी इथूनच उतरतं, उन्हाळ्यात सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत! बोगद्यातल्या लिफ्टने वर जायचं आणि पायऱ्यांनी बघत बघत खाली यायचं, आवाज इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पायऱ्या ओल्या असतात म्हणून ग्रिपवाले बूट आणि जॅकेट मस्ट. ४ वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत आणि हिवाळ्यात बंद असतं, हे आधीच लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी म्युरेन, गाड्या नसलेलं गाव, त्यामुळे पोरं बिनधास्त पळतात. तिथून फ्युनिक्युलरने (उतारावर दोरीने ओढली जाणारी छोटी ट्रेन) वर आल्मेंडहुबेलला जा, वर फुलांच्या आकाराची खेळणी असलेलं प्लेग्राउंड आहे आणि आईबाबांना समोर बर्फाची शिखरं. वेळ उरला तर वेंगेन गावाहून केबल कारने मेनलिखेनच्या डोंगरावर.

तिकिटं महाग आहेत, म्हणून स्विस ट्रॅव्हल पास (पर्यटकांसाठीचा ट्रेन-बस-बोटीचा पास) घेताना फ्री फॅमिली कार्ड मागून घ्याच, ६ ते १५ वर्षांची मुलं आईवडिलांसोबत फुकट फिरतात.