डेंग्यूच्या पेशंटची लिस्ट नकाशावर कशी टाकायची: मोबाईल, एक्सेल आणि क्यूजीआयएस

पावसाळा लागला की पीएचसीतली (प्राथमिक आरोग्य केंद्रातली) डेंग्यूची लिस्ट वाढायला लागते आणि बहुतेक वेळा ती एक्सेलमध्येच पडून राहते, वर पाठवायची म्हणून पाठवली आणि संपलं. तीच लिस्ट नकाशावर टाकली तर ताप आधी कुठल्या आळीत सुरू झाला, मग कुठे सरकला, कंटेनर सर्वे (साठलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या शोधणं) उद्या कुठून सुरू करायचा हे दिसायला लागतं. एक्सेल सोडलं तर याला लागणारं बाकी सगळं, नकाशा बनवायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअरसुद्धा, फुकट आहे आणि साधा लॅपटॉप पुरतो. एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स) करणारे, पीएचसीतले डॉक्टर, आरोग्य सेवक, कोणालाही जमेल.

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी एक ठरवा, नकाशातून नेमकं काय शोधायचंय. डेंग्यूचा एडिस डास घरातल्या नाहीतर अंगणातल्या साठलेल्या पाण्यात वाढतो, ड्रम, हौद, कूलर, फ्रीजमागचा ट्रे, टायर, आणि साधारण काहीशे मीटरच्या पलीकडे फारसा जात नाही, म्हणून इथे घराच्या पातळीवरचा ठिपका लागतो, तालुका रंगवून काही हाती लागत नाही. पण हेच माकडतापाला (जंगलातल्या गोचिडीतून येणारा ताप) लावू नका. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात माकडतापाची साथ आली तेव्हा प्रश्न जंगलाचा आणि काजूच्या बागांचा होता, माणूस झोपतो कुठे याच्यापेक्षा कामाला जातो कुठे हे महत्त्वाचं. आणि जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडीकडे जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट वाढले तेव्हा सगळी चर्चा पाणी कुठल्या विहिरीचं यावर आली. म्हणजे आजार बदलला की कॉलम बदलतात. डेंग्यूसाठीसुद्धा घराबरोबर दिवसभर कुठे असतो, शाळा की दुकान की कारखाना, हा कॉलम ठेवाच, एडिस दिवसा चावतो.

डेटा गोळा करणं

पत्त्यावरून ठिपका काढायचा नाद सोडा. "मारुती मंदिरामागे, टाकीजवळ" हा पत्ता आशाताईला बरोब्बर कळतो पण कुठल्याही मॅपला कळत नाही, आणि मॅप ते कबूल न करता सरळ गावाच्या मधोमध ठिपका टाकून मोकळा होतो, मग चावडीवर वीस पेशंटचा ढीग दिसतो. त्यापेक्षा कोबोटूलबॉक्स किंवा ओडीके कलेक्टवर (मोबाईलवर फॉर्म भरायची साधनं) छोटा मराठी फॉर्म बनवा, तो ऑफलाईन चालतो, रेंज आली की डेटा वर जातो. फॉर्ममध्ये: केस नंबर (नाव नको), वय, लिंग, ताप सुरू झाल्याची तारीख, टेस्ट कुठली आणि निकाल काय, संशयित की खात्रीचा, आणि जीपीएस. जीपीएस घेताना घराबाहेर मोकळ्यात उभं राहायचं आणि अ‍ॅक्युरसी दहा मीटरच्या आत येईपर्यंत थांबायचं. पत्र्याच्या छपराखाली घाईत घेतलेलं लोकेशन पलीकडच्या गल्लीत जातं.

तारीख ताप सुरू झाल्याचीच, रिपोर्ट आल्याची नाही! लॅब दर सोमवारी रिपोर्ट देत असेल तर तुम्हाला दर सोमवारी साथ आलेली दिसेल.

फाईल साफ करणं (निम्मा वेळ इथेच जातो)

अक्षांश आणि रेखांश वेगळ्या कॉलममध्ये, आकडे इंग्रजी अंकांत, देवनागरी अंक टाकले तर क्यूजीआयएस त्यांना आकडे समजत नाही. महाराष्ट्रात अक्षांश साधारण १५.६ ते २२ आणि रेखांश ७२.६ ते ८०.९ च्या मध्ये असायला हवा, एक्सेलमध्ये फिल्टर लावून बाहेरचे सगळे पकडा. दोन्हींची अदलाबदल झाली तर पुण्याचा पेशंट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात निघतो, आणि शून्य-शून्य भरलेले सगळे आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात. दशांशानंतर किमान चार आकडे हवेत, चौथा आकडा म्हणजे साधारण ११ मीटर. एक्सेलने राउंड करून दोनच ठेवले की चूक किलोमीटरपर्यंत जाते. तारखा वर्ष-महिना-दिवस अशा लिहा, नाहीतर ०५-०८ चा ऑगस्ट की मे हे कोणालाच सांगता येणार नाही. सेव्ह करताना सीएसव्ही यूटीएफ-८ निवडा, साधं सीएसव्ही केलं तर वाड्यांच्या नावांची प्रश्नचिन्हं होतात.

क्यूजीआयएसमध्ये

लाँग टर्म रिलीज उतरवा, नवीनतमच्या मागे लागू नका. डावीकडच्या ब्राउझर पॅनलमध्ये एक्सवायझेड टाइल्सखाली ओपनस्ट्रीटमॅप आहे, डबल क्लिक केलं की मागचा नकाशा आला. मग लेयर, अ‍ॅड लेयर, अ‍ॅड डिलिमिटेड टेक्स्ट लेयर, तिथे तुमची सीएसव्ही, एक्स फील्डला रेखांश आणि वाय फील्डला अक्षांश (उलट नाही), सीआरएस (नकाशाची मोजपद्धत) ईपीएसजी ४३२६, म्हणजे अंशांतले अक्षांश-रेखांश. अ‍ॅड. ठिपके दिसले पाहिजेत.

आता रिप्रोजेक्ट लेयर वापरून ते मीटरमध्ये आणा, पश्चिम आणि मध्य महाराष्ट्र, कोकण, गोवा यांना ईपीएसजी ३२६४३, नागपूर आणि त्याच्या पूर्वेला ३२६४४. ही पायरी गाळून २०० चं बफर (ठिपक्याभोवतीचा गोळा) मारलं तर ते २०० मीटर न धरता २०० अंश धरतं आणि अख्खी पृथ्वी एका गोळ्यात झाकली जाते. फाईल जिओपॅकेज या प्रकारात ठेवा. शेपफाईल या जुन्या प्रकारात कॉलमच्या नावासाठी दहाच बाइट मिळतात आणि एक देवनागरी अक्षर तीन बाइट खातं, त्यामुळे "तापाची तारीख"चं "ताप"सुद्धा धड उरतं की नाही ते बघा.

प्रत्येक खात्रीच्या केसभोवती २०० मीटरचं बफर काढा, गोळे जिथे एकमेकांवर चढतात तिथून कंटेनर सर्वे सुरू. अळ्या सापडलेली घरं दुसऱ्या लेयरमध्ये वेगळ्या रंगाने टाका. पेशंट आहेत पण अळ्या नाहीत अशी आळी दिसली तर एकतर सर्वे उरकला गेलाय, नाहीतर माणसं चावून घेतायत दुसरीकडे, मग तो दिवसभर कुठे असतो वाला कॉलम उघडा.

सिंबॉलॉजीत (ठिपके कसे दिसावेत ते ठरवायची जागा) हीटमॅप असतो, ठिपके दाट तिथे रंग गडद, मीटिंगमध्ये सगळ्यांना तो लालभडक डाग फार आवडतो. मला त्याचा भरवसा नाही. जिथे लोक दाट तिथे डाग लाल, एवढंच तो पुष्कळदा सांगतो. म्हणून वाडीच्या हद्दी असतील तर काउंट पॉइंट्स इन पॉलिगॉन (प्रत्येक हद्दीत किती ठिपके ते मोजणारं टूल) चालवून केसेसना लोकसंख्येने भागा, हजारी दर काढा. लोकसंख्या जनगणनेची घ्याल तर ती २०११ ची आहे, आशाताईंचा घरोघरचा सर्वे जास्त ताजा. आणि दर काढला तरी ९० माणसांच्या वाडीत एक केस म्हणजे हजारी ११, तो आकडा बघून फवारणीची गाडी पळवू नका.

रिकाम्या जागाही बघा. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलरा आला तेव्हा मृत्यू नकाशावर टाकून दूषित पाण्याच्या पंपापर्यंत पोचलेला डॉक्टर जॉन स्नो याला त्या पंपाशेजारचंच एक वर्कहाऊस (गरिबांना ठेवायची जागा) खटकलं, ५३५ माणसं आणि मृत्यू फक्त ५, कारण त्यांची स्वतःची विहीर होती. आपल्याकडे मात्र ठिपके नसण्याचं कारण बरेचदा साधं असतं, तिथले लोक खाजगी दवाखान्यात जातात आणि ती नावं लिस्टमध्ये आलेलीच नसतात. आधी ते विचारा.

काळ बघायचा असेल तर लेयरच्या प्रॉपर्टीजमध्ये टेम्पोरल चालू करून टेम्पोरल कंट्रोलर (३.१४ पासून आहे) आठवड्याच्या टप्प्याने चालवा. माणसाला चावल्यापासून ताप यायला ४ ते १० दिवस आणि डासात विषाणू तयार व्हायला साधारण ८ ते १२ दिवस जातात, त्यामुळे पुढची फळी दोन-तीन आठवड्यांनी शेजारच्या आळीत दिसते का ते बघायचं.

शेअर करताना

घराचा ठिपका म्हणजे घराचा पत्ता, नाव काढलं तरी गावात सगळ्यांना कळतं कोणाचं घर. डेंग्यूत लोक फार मनावर घेत नाहीत पण हीच पद्धत टीबी किंवा एचआयव्हीला वापरली तर एखाद्याचं जगणं कठीण होईल. ठिपक्यांची फाईल पासवर्डमध्ये, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अजिबात नाही. डीएचएससारख्या (अनेक देशांतला घरोघरचा आरोग्य सर्वे) मोठ्या सर्वेतही ठिकाणं मुद्दाम हलवून देतात, शहरात २ किलोमीटरपर्यंत, खेड्यात ५ पर्यंत आणि क्वचित १० पर्यंत. पेपरमध्ये किंवा ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावायचा नकाशा वाडीनिहाय रंगांचा करा. प्रिंट लेआउटमध्ये स्केल, उत्तर दिशा, कुठल्या तारखेपर्यंतच्या केसेस, संशयित धरल्यात की फक्त खात्रीच्या, आणि किती पेशंटचं लोकेशन मिळालं नाही, हे सगळं नकाशावरच लिहा, कारण नकाशाचा फोटो फिरतो, सोबतचा रिपोर्ट कोणी फिरवत नाही.